बेड्यातले कोरीव खांब

आमच्या घरी येणाऱ्याला आधी गुरं भेटत आणि मग माणसं. गाडीवाट सोडून बांधावरून आत वळलं की समोर उभं राही ते गुरांचं बेडं. गोठा हा शब्द मला शाळेच्या पुस्तकात भेटला. आमच्या बाजूला बेडंच म्हणत. ते घरापेक्षा लांब होतं, घरापेक्षा उंचही होतं, आणि नवा माणूस हमखास त्यालाच घर समजून दारात वहाणा काढायचा. आतून एखादी म्हैस मान वळवून त्याच्याकडे बघायची, आणि मग तो बिचारा वहाणा हातात घेऊन खळ्यातून आमच्या ओटीकडे यायचा. माझे वडील, ज्यांना घरात सगळे दादा म्हणत, ते ओटीवरून हे सारं पाहत असायचे. पण कधी कुणाला हाक मारून सावध केल्याचं मला आठवत नाही.

आमची वस्ती कर्जतच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. पावसाळ्यात वारा समुद्राकडून निघायचा तो थेट घाटाला जाऊन भिडायचा, आणि वाटेत आम्ही. म्हणून आजोबांनी बेडं मुद्दाम पश्चिमेला बांधलं होतं. सगळा मारा त्याच्या पाठीवर बसायचा, मधे खळं, आणि त्याच्या आडोशाला घर. घराच्या उजव्या हाताला भाताची कोठी, उंच दगडांवर उचललेली, तिला एवढंसं दार; आत शिरायचं तर मोठ्या माणसाला गुडघ्यांवर यावं लागे. अशा तीन इमारती, तिघींवर नळीची कौलं, तिघींच्या भिंती कारवीच्या कुडाच्या, शेणामातीनं लिंपलेल्या. पावसाची झड लागली की घरातला सरपणाचा धूर कौलांतून निघायचा, आणि बेड्यातून गुरांच्या अंगाची वाफ निघायची, आणि लांबून पाहणाऱ्याला दोन्हीकडे चूल पेटली आहे असंच वाटावं.

खरं तर दोन्हीकडे चूल होतीच. बेड्याच्या दक्षिणेच्या टोकाला कूड घालून एक खोली काढलेली होती, आणि तिथं माझी यमुआत्या राहायची. दादांच्या पाठची बहीण. सकाळी घाटाच्या पायथ्याशी गाडीला मागून इंजिन जोडत, त्याचा भोंगा आमच्याकडे वाऱ्यावर यायचा, आणि त्याच सुमाराला बेड्यातून चरवीत दुधाची धार पडल्याचा आवाज सुरू व्हायचा. गुरांचं सगळं आत्याकडे. धारा, शेण, पेंढा, वासरांची दुखणी, म्हैस अडली तर तिच्याजवळ बसणं. गाय व्याली की ती खरवस करायची, गुळाचा, वेलदोडा घातलेला, आणि पहिला तुकडा मला द्यायची. ती जेवायला मात्र घरात यायची नाही. आई तिचा वाटा काढून ठेवी, कधी वालाचं बिरडं, कधी सुकटीचं कालवण, आणि मी ते झाकून खळ्यातून घेऊन जायची. भाकरी आत्या तिची तीच थापायची. भांडण नव्हतं. आई तिला कधी टोचून बोलली नाही, तीही आईला नाही. तरी ती घरात का जेवत नाही हे मला कुणी सांगितलं नाही, आणि ती घरची आहे की बेड्याची आहे हे माझं मला ठरवता येईना.

दुसरं कोडं तिच्या कपाळावर होतं. आत्या कुंकू लावायची, हातात हिरव्या बांगड्या, गळ्यात काळे मणी. वडाच्या पूजेला ती आईबरोबर जायची. पण तिच्या नवऱ्याला मी कधी पाहिलं नव्हतं, त्याचं नाव कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. विधवा बाया मी पाहिल्या होत्या, नवऱ्यानं टाकलेल्याही पाहिल्या होत्या. त्यांच्याबद्दल लोक निदान बोलत तरी. आत्याबद्दल कुणी बोलतच नसे. एकदा मी तिलाच विचारलं, "आत्या, तुजा नवरा कुटं हाय?" ती वासराच्या गळ्यातलं दावं सोडवत होती. म्हणाली, "मला ठाव असतं तर तुला सांगितलं नसतं व्हय गं?" मला वाटलं ती चेष्टा करते आहे.

आणि तिसरं कोडं, ज्याच्यासाठी मी हे प्रकरण लिहायला घेतलं, ते त्या बेड्याच्या बरोबर मध्यावर उभं होतं. बेड्याचे सगळे खांब ओबडधोबड, ऐनाचे, साल काढून जसेच्या तसे रोवलेले. पण मधले चार सागाचे. चौकोनी तासलेले, तेल पिऊन काळेभोर झालेले, आणि वर तुळईला भिडत तिथं प्रत्येकावर कमळ कोरलेलं. त्या कमळांवर पेंढ्याची धूळ साचे आणि चिमण्या घरटी करत. एका खांबाला हाताच्या उंचीवर पणती ठेवायचा कोनाडा होता, काजळीनं आतून काळा. वरच्या तुळईला दोन लोखंडी कड्या होत्या. आमच्या घरात पाळणा टांगायच्या कड्या अगदी तशाच होत्या. घरातले खांब साधे, आणि बेड्यातले नक्षीचे. माणसाच्या पाळण्याच्या कड्या म्हशीच्या डोक्यावर. मी आईला विचारलं तर ती म्हणाली, "गुरांनी काय नक्षी बघू नये काय?" दादांना विचारलं तर ते म्हणाले, "आजोबांना ठाव," आणि आजोबा तर मी रांगत होते तेव्हाच गेले होते.

हल्ली माझा नातू शेलूला राहतो. घर घेताना त्यानं मला कागदावरचा नकाशा दाखवला, हे स्वयंपाकघर, ही झोपायची खोली, ही गॅलरी. सगळं कसं ज्याच्या त्याच्या जागी. मी चष्मा लावून बघत राहिले. आमच्या घराचा असा नकाशा कुणी मांडला असता तर आत्याची खोली त्यात काय म्हणून लिहिली असती, असा विचार मनात आला. पण नातवाला काही बोलले नाही. तो आनंदात होता.

नाना म्हणजे माझे काका, भावंडांत सगळ्यांत धाकटे. ते रेल्वेत होते, कर्जतला भाड्याच्या खोलीत राहायचे. लढाईचे दिवस, रॉकेल मोजून मिळायचं, तांदूळ सरकारात घालावा लागायचा, आणि त्या एका खोलीत संसार करणं काकूला जमत नव्हतं. नानांनी दहिवलीला जागा घेतली होती आणि तिथं घर बांधायचं होतं. नवं लाकूड कुठं मिळत नव्हतं. एका उन्हाळ्यात, शिमगा झाल्यावर, ते येऊन ओटीवर बसले, गावातली दोन जाणती माणसं बोलावली गेली, आणि दुपारच्या जेवणाच्या आत वाटण्या झाल्या. मी दाराआड उभी राहून भांडणाची वाट पाहत होते, कारण वाटणी म्हणजे भांडण असं मी ऐकलं होतं. पण कुणाचा आवाज चढला नाही. जमीन दोघांची निम्मी निम्मी. घर आणि कोठी दादांना. बेडं नानांना, त्यांनी ते सोडवून लाकूड आणि कौलं दहिवलीला न्यावीत, गुरांसाठी दादांनी पावसाच्या आत दुसरा मांडव घालावा. सगळे हो म्हणाले. मग आईनं पानं वाढली. मी आत्याचं ताट घेऊन खळं ओलांडत होते तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तिचं नाव त्या सगळ्या बोलण्यात एकदाही आलं नव्हतं. बेड्यात काय काय आहे ते मोजताना वासे मोजले, पाट्या मोजल्या, गव्हाणीसुद्धा मोजली होती.

मी तिला म्हटलं, "आत्या, बेडं नाना घेऊन जानार."

"ऐकलं मी," ती म्हणाली. "बिरड्यात खोबरं बरं पडलंय आज."

पुढच्या आठवड्यात सुतार आला, बरोबर त्याचे दोन भाऊ. गुरं आंब्याखाली बांधली. आधी माळ्यावरचा पेंढा खाली आला, तो खळ्यात रचला. मग कौलं उतरली. एकेक ओळ निघत गेली तशी बेड्यात कधी न पाहिलेली उन्हं पडू लागली. मला ते बेडं आयुष्यभर अंधारं माहीत होतं. आता शेणानं सारवलेली जमीन लख्ख दिसत होती, गव्हाणीच्या कडा गुरांच्या मानांनी घासून गुळगुळीत झालेल्या दिसत होत्या, आणि मधले ते चार खांब कुणाच्या तरी देवघरात शोभावेत असे उन्हात उभे होते. सुतार गेरू कालवून प्रत्येक लाकडावर खूण करत होता, म्हणजे दहिवलीला पुन्हा त्याच जागी त्याच लाकडाला बसवता येईल. तो त्या मधल्या खांबांपाशी आला, खूण केली, आणि वरचं कमळ बघून म्हणाला, "दादा, हे तर घराचं खांब. गुरांत कशे आनले?" दादा खळ्याच्या कडेला उभे होते. त्यांनी पेंढ्याची एक काडी उचलली आणि मोडली.

आत्या तिच्या खोलीतून बाहेर आली. हातात पाण्याचा तांब्या होता. मला वाटलं सुतारांना पाणी द्यायला आली. तिनं पदर ओला केला आणि पहिल्या खांबावरची गेरूची खूण पुसली. मग दुसऱ्याची. सुतार बाजूला झाला. नाना शिडीवर होते, ते खाली उतरले.

"आक्का, काय करतीस?"

"ह्ये चार आनि वरची तुळई माजी हाय," आत्या म्हणाली. "वाटनी तुमी तुमच्या बापाची केलीत. ही माज्या सासऱ्याची." आणि तिनं तिसऱ्या खांबाकडे हात नेला.

नाना खरोखरच गोंधळले होते. त्यांनी दादांकडे पाहिलं. "दादा, काय बोलतीया ही?"

"खरं बोलतीया," दादा म्हणाले. "तिचंच हाय."

"मंग पंचांसमोर का नाय बोललास रं?"

दादा म्हणाले, "नाय बोललो." मग पुन्हा म्हणाले, "नाय बोललो खरा."

मग जे कळलं ते मी तिथंच, पेंढ्याच्या राशीला टेकून, तुकड्या तुकड्यांनी ऐकलं. आत्याचं सासर खालापूरकडे, पाताळगंगेच्या काठाला. नवरा, त्याचं नाव येसू, एका ठेकेदाराबरोबर मुंबईला गेला, तिथून बोटीनं रंगूनला, भाताच्या गिरणीत कामाला. एक पावसाळा म्हणून गेला. सासू-सासरे पाठोपाठ वारले. तो आला नाही. मग तिकडे लढाई पोचली, आणि जो तो आपला जीव घेऊन पायी निघाला असं लोक सांगू लागले. त्यात येसू होता की त्याच्या आधीच काही झालं होतं, कुणाला ठाऊक नाही. पण ती लढाई नंतरची. त्याच्याही पुष्कळ आधी, मी अंगावर पीत होते तेव्हा, दादा जाऊन बहिणीला घेऊन आले होते, आणि रिकाम्या घराला वाळवी लागेल म्हणून त्यांनी त्या घराचे चांगले खांब आणि तुळई सोडवून गाडीत घालून आणले. आमच्या बेड्याचे मधले खांब तेव्हाच पोखरले होते. दादांनी हे खांब तिथं उभे केले. येसू परत येईपर्यंत. नाना त्या वेळी शिकायला मुंबईत मामांकडे होते. त्यांना वाटत होतं खांब पहिल्यापासून तिथंच आहेत.

"मंग आता?" नाना म्हणाले. त्यांचा स्वर रागाचा नव्हता, एखादं गणित चुकल्यासारखा होता. "मधल्याच खांबांवर माजं घर उबं ऱ्हानार होतं."

"माजी पडवी सोडव," दादा म्हणाले. "तिचं खांब ने."

"आनि आक्का कुटं जानार?"

"घरात," दादा म्हणाले. "यमे, तू घरात ऱ्हा. मी पयल्यापासून म्हनतोय."

आत्या तांब्या खाली ठेवून उंबऱ्यावर बसली. बेड्याला उंबरा होता, भिंती अर्ध्या निघाल्या होत्या, त्यामुळे ती उघड्यावरच्या दारात बसल्यासारखी दिसत होती. "पयल्यापासून तू म्हनालास, यमे, येसू येईपर्यंत बेड्यातली खोली तुजी. मी म्हनलं बरं. घरात राहिली असती तर मी म्हायेरी परत आलेली झाले असते. बेड्यात राहिली म्हंजे गुरांसाठी थांबलेली. लोकांना सांगायला बरं."

"लोकांचं काय—"

"तुला बी बरं वाटलं, दादा. मी काय नाय म्हनत नाय."

नाना म्हणाले, "दहिवलीला चल, आक्का. माज्याकडं ऱ्हा."

"तुज्याकडं गुरं नायत रं, नाना," ती म्हणाली. "मी काय सांगून ऱ्हाऊ?"

आई ओटीवर उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला होता. माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती, की हे सगळं बोलणं इतक्या वर्षांत कधीच का झालं नाही, आणि आज सुतारांच्या समोर कसं झालं. आज इतक्या वर्षांनी मला वाटतं, भिंती होत्या तोवर ते झालं नसतं. पण हे म्हणताना मी उगाच शहाणपण सांगते आहे का, हेही मला नीट कळत नाही.

आत्यानं ठरवलं ते सासरी जायचं. तिथं घराचं दगडी जोतं अजून होतं, पाच-सहा गुंठे जागा होती. दादांनी विरोध केला, मग केला नाही. बेडं निघालं, आमची पडवी निघाली, नानांच्या गाड्या दहिवलीला गेल्या. शेवटी आमच्या गाडीत ते चार खांब आणि तुळई चढली, वर आत्याचं बोचकं, मागे बांधलेली एक पाडी, आणि खांबांवर गोधडी घालून त्यावर मी. सोबतीला इंदू, म्हणजे मी, हवी असं आत्यानं सांगितलं होतं. आईनं तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी बांधून दिली. दादा गाडी हाकायला बसले आणि चौक गावच्या रस्त्यानं आम्ही निघालो. वाटेत करवंदाची जाळी दिसली की आत्या गाडी थांबवायला लावायची आणि ओंजळभर आणून माझ्या फ्रॉकमध्ये टाकायची. मी तिला विचारलं, "येसूमामा येनार हाय का?" ती म्हणाली, "मला कळत नाय, इंदे. येनार असं बी वाटत नाय, नाय येनार असं बी वाटत नाय." एवढं सरळ उत्तर मला त्या वयात कुणी दिलं नव्हतं.

जोत्यावर गोवऱ्या वाळत घातलेल्या होत्या. ओळीनं, अख्खं जोतं भरून. शेजारच्या घरातून एक म्हातारा बाहेर आला, येसूमामांचा चुलता. त्यानं आत्याला लगेच ओळखलं नाही. मग ओळखलं आणि गाडीतल्या खांबांकडे पाहिलं.

"येसू आला काय?"

"नाय आला," आत्या म्हणाली.

"मंग ह्ये घर कुनासाटी?"

"माज्यासाटी."

म्हाताऱ्यानं दादांकडे पाहिलं. बाईच्या बोलण्यावर पुरुषाची मोहोर हवी असते तसं. दादा बैलांचं जू सोडत होते; त्यांनी मान वर केली नाही. मग वाकून म्हाताऱ्यानं गोवऱ्या उचलायला सुरुवात केली, एकावर एक रचत, आणि घरात बघून सुनेला हाक मारली, "ये गं, हात लाव. येसूची बायको आलीया." मीही उचलू लागले. दुपार त्यातच गेली. त्याच्या सुनेनं आम्हाला नाचणीची आंबील दिली, फार आंबट होती, ती मला अजून आठवते.

पुढचं सांगून टाकते. तीन खणांचं घर उभं राहिलं, पावसाच्या आत, वर पहिल्या वर्षी गवताचं छप्पर. आत्यानं पाडीची गाय केली, मग दोन म्हशी घेतल्या, दूध खोपोलीला जाऊ लागलं. माझ्या सगळ्या सुट्ट्या तिथं गेल्या, माझ्या लग्नाची हळदही तिनं तिथंच कुटली. येसूमामा आले नाहीत, आणि न आल्याची बातमीही कधी आली नाही. आत्यानं अखेरपर्यंत कुंकू लावलं. नानांचं दहिवलीचं घर चांगलं झालं. आमची पडवी दादांनी पुन्हा बांधली नाही; पावसाळ्यात झड थेट ओटीवर यायची, आणि आई रोज सकाळी ओटी पुसताना पुटपुटायची, पण दादांना ऐकू जाईल अशी नाही.

खांब उतरवले त्या दिवशी मला तिथं सोडायचं ठरलं होतं, पण दादा निघाले तसं मला रडू आलं आणि त्यांनी मला गाडीत घेतलं. गाडी आता रिकामी होती, फार खडखडत होती. गावाच्या बाहेर एक ओढा होता, कोरडा पडलेला, त्यात उतरताना दादांनी बैल थांबवले. वाटलं चाकात काही अडकलं. ते खाली उतरले नाहीत. तसेच बसून राहिले, पाठमोरे, आणि म्हणाले, "इंदे, मी तिला घालवली का गं?"

त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. मी दहा-अकरा वर्षांची. मी खूप विचार केला. आत्या जोत्यावर बसून आंबील प्यायली होती ते आठवलं, आणि ओटीवर वाटण्या चालल्या होत्या तेही आठवलं.

मी म्हटलं, "मला ठाव नाय, दादा."

"मला बी नाय," ते म्हणाले, आणि बैलांना हाक दिली.